फिशफाइंडर जोडायचा कुठे: इंजिनाच्या बॅटरीवर की वेगळ्या?

बामणोली-तापोळ्याकडे शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) नवी बोट उतरवताना जुना फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) बदलला, की पहिला प्रश्न विजेचा. इंजिनाच्याच बॅटरीवर जोडला तर जादा खर्च नाही. पण सेल्फ मारला की व्होल्टेज खाली येतं, स्क्रीन बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते. शिवाय इंजिनाच्या वायरिंगमुळे स्क्रीनवर रेघा येतात. त्यात मासा कुठला नि रेघ कुठली!

वेगळी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी छोट्या यंत्राला दिवसभर सहज पुरते. फक्त घरी नेऊन चार्ज करायची. मी तरी वेगळीच घेईन. फ्यूज मात्र कुठल्याही बॅटरीवर जोडलं तरी हवाच, पॉझिटिव्ह वायरीवर, बॅटरीजवळ. आणि ट्रान्सड्यूसरची, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाची, केबल लांब वाटली तरी कापू नका, गुंडाळून ठेवा.