सॅक्वॉन बार्कली: दोन सीझन संघात ठेवल्यानंतर

फॅन्टसी फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात) हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, घ्यावा का? निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ड्राफ्टच्या (खेळाडू निवडायच्या) आदल्या रात्री घाईत वाचणाऱ्यांची सोय होईल. 2024 मध्ये पहिल्या फेरीच्या शेवटाकडे मिळालेला बार्कली पुरेपूर पैसा वसूल. 2025 मध्ये बाजारात पहिल्या चार-पाचांत गेलेला बार्कली महाग. माणूस तोच, फिलाडेल्फिया ईगल्स तेच, पाठीवरचा 26 आकडाही तोच. फरक कशामुळे पडला, ते आता सविस्तर.

आमची लीग न्यू जर्सीतल्या बारा जणांची. निम्मे मराठी, उरलेले ऑफिसातले. पूर्ण पीपीआर, म्हणजे झेललेल्या प्रत्येक पासला एक गुण. दहा यार्डांना एक, टचडाउनला (चेंडू गोललाइनपलीकडे नेला की) सहा. ज्यांची सवय ड्रीम इलेव्हनची आहे त्यांच्यासाठी एवढंच, की इथे रोज नवा संघ लावायचा नसतो. खेळाडू एकदा तुमचा झाला की लीगमध्ये दुसऱ्या कुणाकडेही तो नसतो, आणि सप्टेंबरपासून डिसेंबर संपेपर्यंत त्याच्या गुडघ्याची काळजी तुमची. शिवाय आमच्याकडे एक खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येतो. त्यामुळे बार्कली दुसऱ्या वर्षीही माझ्याकडेच राहिला.

2024 चे आकडे आता सगळ्यांना पाठ आहेत. 345 वेळा चेंडू घेऊन धावला, 2,005 यार्ड, दर धावेमागे 5.8, धावून 13 टचडाउन. वर 33 झेल, 278 यार्ड आणि आणखी 2 टचडाउन. ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयरही तोच झाला. फंबल (हातून सुटलेले चेंडू) बाजूला ठेवून आमच्या नियमांनी हिशेब केला तर सुमारे 351 गुण होतात. एवढं करून तो त्या वर्षीचा पहिल्या नंबरचा रनिंग बॅक मात्र नव्हता. डेट्रॉइटचा जमीर गिब्ज धावून 1,412 यार्डांवरच थांबला, म्हणजे बार्कलीपेक्षा जवळपास सहाशे कमी. पण त्याचे झेल 52 आणि एकूण टचडाउन 20. त्याचे गुण 365 च्या घरात जातात. तेही डेव्हिड मॉन्टगोमेरीबरोबर काम वाटून घेत असताना! आता झेलांचे गुण काढून टाका. गिब्ज 313, बार्कली 318. क्रम उलटला. कुणी 'बार्कली घेऊ का?' असं विचारलं की मी आधी त्याच्या लीगचे नियम विचारतो. अर्ध्याहून जास्त लोकांना ते नीट माहीत नसतात.

आता माझी मुख्य तक्रार, आणि ती बार्कलीबद्दल नाहीच. ती टश पुशबद्दल आहे. ईगल्सचा चेंडू गोललाइनपासून एका यार्डावर आला की चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या पाठीशी क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जेलन हर्ट्स वाकतो, मागून दोघं-तिघं त्याला ढकलतात आणि टचडाउन हर्ट्सच्या नावावर लागतं. 2023 मध्ये हर्ट्सने धावून 15 केले, 2024 मध्ये 14. बार्कलीने साठ यार्ड पळून चेंडू दारापर्यंत आणावा, तिथे त्याला पाडावं आणि सहा गुण भलत्याच्याच लाइनअपला मिळावेत, हे बघणं म्हणजे दर आठवड्याचा रक्तदाब. त्याच वर्षी बफेलोच्या जेम्स कुकने जेमतेम हजार यार्डांवर धावून 16 टचडाउन केले होते. बार्कलीचे 13 त्यामुळेच जरा फसवे वाटतात. त्यातले काही त्याने लांबूनच मारले, कारण जवळून मारायची पाळी त्याच्यावर यायचीच नाही. सत्तर यार्डांची धाव दर आठवड्याला येईल असं कुणी गृहीत धरू नये. एका यार्डाची धाव येते, फक्त ती हर्ट्सची असते. 2025 च्या मे महिन्यात हा डाव बंद करण्यासाठी संघमालकांचं मतदान झालं. 24 मतं लागत होती, 22 पडली. माझं मत कुणी विचारलं नाही.

ज्या रविवारी त्या लांब धावा आल्या, तो रविवार मात्र विसरणार नाही. 24 नोव्हेंबर 2024, लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सविरुद्ध. धावून 255 यार्ड, त्यात एक 70 ची आणि एक 72 ची धाव, दोन्ही टचडाउन. झेलांचे 47 धरून एकूण 302. एका रात्रीत 46 गुण. मी सोमवारच्या सामन्याची वाट न बघता झोपलो. उलट जॅक्सनविलविरुद्धची ती पाठमोरी उडी, जी पुढे मॅडन या व्हिडिओ गेमच्या मुखपृष्ठावर गेली, तिला फॅन्टसीत एकही जादा गुण नाही. मिळाले ते झेलाचे आणि यार्डांचे. नव्या खेळाडूंना हे पचायला वेळ लागतो.

शेवटच्या आठवड्यांचा अनुभव संमिश्र. डॅलसविरुद्ध त्याने 31 धावांत 167 यार्ड काढून दोन हजारांचा टप्पा ओलांडला, पण टचडाउन नाही. फॅन्टसीच्या फायनलच्या आठवड्यात 17 च्या आसपास गुण. वाईट नाही, पण 31 वेळा चेंडू हातात येऊन एवढेच? पुढच्या आठवड्यात एका सीझनमध्ये धावून सर्वाधिक यार्डांचा एरिक डिकरसनचा 1984 मधला 2,105 चा विक्रम मोडायला 101 यार्ड हवे असताना ईगल्सने त्याला विश्रांती दिली. त्यावर बाहेर मोठा गदारोळ झाला. आमच्या लीगला फरक पडला नाही, आमचा सीझन तोवर संपला होता. (अठराव्या आठवड्यात फायनल ठेवणाऱ्या लीगमध्ये कुणी शिरू नये, हा फुकटचा सल्ला.)

खरी गोम लाइनमध्ये, म्हणजे त्याच्यासाठी समोरचे अडवून वाट काढणाऱ्या पाच जणांत आहे. 2023 मध्ये न्यू यॉर्क जायंट्सकडे असताना हाच बार्कली दर धावेमागे 3.9 यार्ड काढत होता. नदी ओलांडून फिलाडेल्फियात आला आणि 5.8 झाले. एका उन्हाळ्यात त्याचे पाय काही बदलले नव्हते. पुढे मैलाटा, लँडन डिकरसन (विक्रमवाला एरिक नव्हे), जर्गन्स, बेक्टन आणि लेन जॉन्सन असे पाच धिप्पाड गडी वाट साफ करत होते आणि लाइनचे कोच जेफ स्टाउटलंड होते. पहिला धक्का बसायच्या आत त्याला चार-पाच यार्ड मोकळे मिळायचे. 2025 मध्ये बेक्टन दुसरीकडे गेला, डिकरसन आणि जर्गन्स दुखापतींशी झगडत राहिले, नोव्हेंबरात लेन जॉन्सनही बाहेर गेला. शिवाय आक्रमणाची सूत्रं सांभाळणारा केलन मूर न्यू ऑर्लिन्सचा मुख्य कोच होऊन निघून गेला होता. सरासरी घसरून 4.1 वर आली. टीव्हीवर लोक 'बार्कली म्हातारा झाला' म्हणत होते. मला दिसत होतं ते वेगळं: चेंडू हातात येतो आणि बचाव फळीतला एकजण आधीच समोर उभा असतो. वाट मिळाली की तो अजून पळतो. जुन्या संघाविरुद्ध, जायंट्सशी खेळताना, फक्त 14 धावांत 150 यार्ड काढले, त्यात 65 चं एक टचडाउन. पण असे दिवस मोजकेच. मधले आठवडे नऊ-दहा गुणांचे, आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूकडून नऊ-दहा म्हणजे सामना हातचा गेलाच.

झीज हाही मुद्दा आहेच, तो टाळता येत नाही. 2024 च्या नियमित सीझनमध्ये धावा आणि झेल मिळून 378, आणि त्यावर प्लेऑफचे चार सामने, सुपर बोल धरून. दोन हजारांचा पल्ला गाठणारे आजवर नऊच आणि त्यातल्या एकालाही तो पुन्हा गाठता आलेला नाही. टेरेल डेव्हिसने 1998 मध्ये 2,008 केले, पुढच्या वर्षी चौथ्या सामन्यात गुडघा गेला. डेरिक हेन्रीने 2020 मध्ये 2,027 केले, पुढच्या वर्षी आठ सामन्यांनंतर पाय मोडला. बार्कलीचं तसं काही झालं नाही, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. 2020 मध्ये लिगामेंट फाटलेला हा माणूस ईगल्सकडे दोन्ही वर्षं बहुतेक आठवडे मैदानावर उभा होता.

पासमधला वाटा मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा कमीच. पहिल्याच वर्षी, 2018 मध्ये, जायंट्सकडून त्याने 91 झेल घेतले होते. नवख्या रनिंग बॅकचा तो तेव्हाचा विक्रम. त्या आठवणीवर त्याला पीपीआरमध्ये घेणारे अजून भेटतात. फिलाडेल्फियात या दोन वर्षांत पास झेलणाऱ्या ए. जे. ब्राउन आणि डेव्होंटा स्मिथ यांच्याकडे चेंडू जायचा, आणि दबाव आला की हर्ट्स बाजूला टाकण्याऐवजी स्वतः पळायचा. तिथे 91 विसरा, चाळीस झाले तरी खूप.

आता भाव. पीपीआरमध्ये दुसऱ्या फेरीच्या मध्यात मिळाला तर मी पुन्हा घेईन. झेलांना गुण नसलेल्या लीगमध्ये थोडा आधीही. पहिल्या फेरीत नाही, आणि लाइनमधले दोघं दुखापतींच्या यादीत असतील तर दुसऱ्यातही नाही. ऑगस्टमध्ये बार्कलीच्या सरावाच्या क्लिप बघण्यापेक्षा लेन जॉन्सन सराव करतोय का ते बघा. आणि घेतलाच, तर त्याच्या जागी खेळू शकणारा राखीव टँक बिग्सबी शेवटच्या फेरीत उचलून बेंचवर ठेवा. आमच्या लीगमध्ये तो वेव्हरवर (कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत) कितीतरी आठवडे पडून होता.