वायरलेस कंट्रोलरचा डीएचसीपी प्रॉक्सी: नऊ महिने वापरून झाल्यावर

फोन जोडला, दोन सेकंदांत आयपी आला, चाचणी संपली. डीएचसीपी म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना आयपी पत्ते वाटणारी व्यवस्था, आणि प्रॉक्सी म्हणजे वायफाय कंट्रोलरने त्यात मध्यस्थ होणं. डीएचसीपी प्रॉक्सीचं कौतुक बहुतेक वेळा एवढ्याच भांडवलावर होतं. पहिला आयपी कुठल्याही मोडमध्ये येतो. मोड बरा की वाईट हे लीजच्या (आयपी वापरायच्या मुदतीच्या) निम्म्यावर कळतं, क्लायंट (जोडलेला फोन किंवा लॅपटॉप) रिन्यू, म्हणजे मुदतवाढ, मागतो तेव्हा. आठ तासांच्या लीजमध्ये हा क्षण चार तासांनी येतो आणि तोवर चाचणी घेणारा घरी गेलेला असतो. सहा महिने सगळीकडे प्रॉक्सी आणि पुढचे तीन महिने अर्ध्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागांवर) रिले, म्हणजे विनंती फक्त सर्व्हरपर्यंत पोचवणारा मोड, चालवल्यानंतरचं हे मत आहे, आणि ते मधे एकदा बदललंसुद्धा.

आधी चांगलं ते. प्रॉक्सीत कंट्रोलर डिस्कव्हर (क्लायंटची पहिली विनंती) स्वतः उचलतो, जीआयअ‍ॅडरमध्ये (विनंती कुणामार्फत आली ते सांगणाऱ्या रकान्यात) त्या व्हीलॅनमधला स्वतःचा आयपी घालतो आणि सर्व्हरला थेट युनिकास्ट करतो (फक्त त्याच पत्त्यावर पाठवतो). स्विचवर हेल्पर-अ‍ॅड्रेस (विनंती सर्व्हरकडे पाठवण्याची सेटिंग) लिहावा लागत नाही. ऑप्शन ८२ मध्ये (मध्यस्थाने जोडायच्या जादा माहितीत) एपीचं (अ‍ॅक्सेस पॉइंटचं) नाव किंवा एसएसआयडी (वायफायचं नाव) घालता येतं. कुठला क्लायंट कुठल्या मजल्यावरून आयपी मागतोय हे सर्व्हरच्या लॉगमध्येच दिसतं, आणि याची सवय लागते. ऑफर (सर्व्हरचं उत्तर) हवेत युनिकास्ट जाते हाही फायदा सांगतात, आणि तो खरा आहे. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेल्या) फ्रेमला अ‍ॅक (पोच) मिळत नाही, ती डीटीआयएमपर्यंत (एपीच्या ठरावीक काळाने येणाऱ्या सिग्नलपर्यंत) थांबते आणि बेसिक रेटवर (कमी वेगाने) जाते. पण हे रूपांतर बरेच कंट्रोलर रिले मोडमध्येही करतात, त्यामुळे त्याचं श्रेय एकट्या प्रॉक्सीला नको.

आता मुख्य तक्रार: ऑप्शन ५४, म्हणजे उत्तरात असलेला सर्व्हरचा पत्ता (सर्व्हर आयडेंटिफायर). प्रॉक्सी सर्व्हरचा खरा पत्ता लपवतो आणि सर्व्हर आयडेंटिफायरच्या जागी कंट्रोलरचा व्हर्च्युअल आयपी (फक्त कंट्रोलरपुरता, नकली पत्ता) टाकतो, बहुतेक ठिकाणी १९२.०.२.१. क्लायंटच्या लेखी आता हाच डीएचसीपी सर्व्हर. कंट्रोलर वाटेत असेपर्यंत काही बिघडत नाही, कारण एपी आणि कंट्रोलरमधल्या टनेलमधून आलेला रिन्यू तो मधेच पकडतो. पण क्लायंट रोम होऊन (एका एपीवरून दुसऱ्यावर सरकून) प्रॉक्सी बंद असलेल्या दुसऱ्या कंट्रोलरवर गेला, तर तोच रिन्यू गेटवेकडे जातो, तिथून डिफॉल्ट रूटने फायरवॉलवर जाऊन मरतो. मोबिलिटी ग्रुपमधल्या (एकमेकांचे क्लायंट सांभाळणाऱ्या) सगळ्या कंट्रोलरवर प्रॉक्सीची सेटिंग आणि व्हर्च्युअल आयपी एकसारखाच हवा, तो यासाठी. एक कंट्रोलर बदली म्हणून आला आणि डिफॉल्टवर राहिला, एवढं पुरतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर टेस्ट स्कोपची (चाचणीसाठीच्या आयपींच्या गटाची) लीज दहा मिनिटांची करा आणि यूडीपी ६७-६८ वर (डीएचसीपीच्या पोर्टवर) कॅप्चर लावा. आरएफसी २१३१ (डीएचसीपीचं मानक) तंतोतंत पाळणारा क्लायंट पाचव्या मिनिटाला पहिली रिक्वेस्ट पाठवतो: सीआयअ‍ॅडर (क्लायंटच्या सध्याच्या आयपीचा रकाना) भरलेला, डेस्टिनेशन १९२.०.२.१. उत्तर नाही. टी२ पर्यंत (ब्रॉडकास्ट सुरू करायच्या क्षणापर्यंत) उरलेल्या वेळेच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६:५२ ला, पुन्हा तीच. मग ६० सेकंदांनी अजून एक. ८:४५ ला, लीजच्या ८७.५ टक्क्यांवर, तो नाद सोडून ब्रॉडकास्ट करतो आणि लगेच अ‍ॅक येतो. दोष लपतो तो इथेच. ब्रॉडकास्ट वाचवतो म्हणून कुणी तक्रार करत नाही. फक्त आठ तासांच्या लीजवर जे फोन सातव्या ते आठव्या तासात झोपलेले असतात त्यांची लीज संपते, उठल्यावर ते पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि आयपी बदलला तर चालू सेशन तुटतात. तिकिटात मात्र "वायफाय अधूनमधून जातं" एवढंच येतं.

उत्पादकाच्या सपोर्टने तीनदा क्लायंट जोडला जातानाचा डीबग (कंट्रोलरची तपशीलवार नोंद) मागितला. तो प्रत्येक वेळी स्वच्छच येणार. चार तासांनंतरचा डीबग मागा, असं त्यांच्या प्रश्नावलीत कुठेच नाही, आणि दर वेळी पहिल्या पायरीपासून सुरुवात करायला लावणं हा समोरच्याच्या वेळेचा अपव्यय आहे. सर्व्हरचा लॉग पाहिला असता तर एका नजरेत कळलं असतं: त्या क्लायंटचे रिन्यू निम्म्यावर न येता सगळे ८७.५ टक्क्यांवर येत होते.

जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये व्हर्च्युअल आयपी १.१.१.१ असेल तर तो आजच बदला. एप्रिल २०१८ पासून हा क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता आहे. १९२.०.२.० ची रेंज उदाहरणांसाठी राखीव असल्याने तिथे टक्कर होत नाही.

मत बदललं ते रिलेवर गेल्यावर. प्रॉक्सी बंद केला, एसव्हीआयवर (स्विचवरच्या व्हीलॅनच्या इंटरफेसवर) आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस लिहिला, आणि रिन्यू पुन्हा ८७.५ टक्क्यांवरच! कारण वेगळं होतं. रिलेत क्लायंटला सर्व्हरचा खरा पत्ता कळतो आणि रिन्यू तो स्वतःच्या आयपीवरून थेट पाठवतो. फायरवॉलवर परवानगी फक्त रिलेच्या आयपीला होती. क्लायंट सबनेटवरून सर्व्हरच्या यूडीपी ६७ ला वाट हवी, हा नियम बहुतेक ठिकाणी राहून जातो. म्हणजे प्रॉक्सीने ही चूक इतके महिने झाकून ठेवली होती. सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नव्हतं.

रिलेचा दुसरा सापळा ऑप्शन ८२ चा. कंट्रोलरने किंवा डीएचसीपी स्नूपिंगवाल्या (खोटे डीएचसीपी सर्व्हर रोखणाऱ्या) स्विचने ऑप्शन ८२ घातला पण जीआयअ‍ॅडर शून्यच राहिला, तर पुढचा रिले असं पॅकेट गुपचूप टाकून देऊ शकतो. त्या इंटरफेसवर रिले इन्फर्मेशन ट्रस्टेड करावं लागतं, आणि स्नूपिंगमध्ये अपलिंक ट्रस्टेड. काउंटर पाहिल्याशिवाय हे सापडत नाही.

प्रॉक्सीला जे जमायला हवं होतं त्याची प्रमाणित वाट २००८ पासून आहे: आरएफसी ५१०७, ऑप्शन ८२ चा सबऑप्शन ११. रिले सर्व्हरला सांगतो की आयडेंटिफायर म्हणून माझा पत्ता दे. मग रिन्यू रिलेमार्गे जातो आणि तो पत्ता गेटवेचा खराखुरा, राउट होणारा असतो. सर्व्हरला हा सबऑप्शन कळायला हवा, कीआ या डीएचसीपी सर्व्हरला कळतो. फायरवॉलचा तो जादा नियमही मग लागत नाही. हे आधीच केलं असतं तर सहा महिने वाचले असते.

आयपींच्या काटकसरीचंही बघायला हवं. प्रॉक्सीत प्रत्येक कंट्रोलरला प्रत्येक क्लायंट व्हीलॅनमध्ये एक आयपी द्यावा लागतो. ४० व्हीलॅन आणि दोन स्वतंत्र कंट्रोलर म्हणजे ८० आयपी. त्यात अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा रँडम मॅक (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) दाखवतात. नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की नवा मॅक येऊ शकतो, आणि जुनी लीज अडकून राहते. विंडोज सर्व्हरची आठ दिवसांची डिफॉल्ट लीज ठेवली तर /२३ आकाराच्या नेटवर्कचे ५१० आयपी पाहता पाहता संपतात. /२२ (दुप्पट मोठं नेटवर्क) करण्याआधी लीज कमी करा: कर्मचाऱ्यांना आठ तास, पाहुण्यांना एक-दोन तास. पण लीज जितकी छोटी तितके रिन्यू जास्त, म्हणजे ऑप्शन ५४ चा दोषही तितकाच वारंवार चावणार. वाट आधी दुरुस्त करा, मग लीज कापा.

'डीएचसीपी आवश्यक' ही टिक पाहुण्यांच्या एसएसआयडीवर ठेवा, बारकोड स्कॅनर आणि प्रिंटरवर नको. ही यंत्रं झोपून उठल्यावर जुनाच आयपी वापरतात, रिक्वेस्ट पाठवतच नाहीत, आणि कंट्रोलर त्यांना अडवून ठेवतो.

प्रॉक्सीवरून रिलेवर जाताना जुन्या क्लायंटकडे १९२.०.२.१ लिहिलेलंच असतं, लीज आहे तोवर ते त्यालाच हाक मारणार. म्हणून आदल्या दिवशी लीज एका तासावर आणा, सगळे क्लायंट एकदा रिन्यू होऊ द्या, मग प्रॉक्सी सगळ्या कंट्रोलरवर एकाच वेळी बंद करा. रिन्यू निम्म्यावर येताहेत हे सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसल्यावरच लीज परत आठ तासांवर न्या.