अनलोडर ब्रेस, अकरा महिने आणि अडतिशीतला गुडघा

डाव्या गुडघ्याची आतली बाजू झिजली आहे हे मला कळलं तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, ग्रेड ३ (४ म्हणजे सगळ्यात जास्त). गेले अकरा महिने मी अनलोडर ब्रेस वापरतोय, म्हणजे झिजलेल्या बाजूवरचा भार थोडा हलवणारा, गुडघ्यावर बांधायचा कडक आधार. सुरुवातीला याबद्दल मी खूप शोधलं, पण जे सापडलं ते बहुतेक साठीपुढच्या लोकांचं होतं, नाहीतर आठवडाभर वापरून लिहिलेलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी गुडघ्याबद्दल. एकोणिसाव्या वर्षी बास्केटबॉल खेळताना उडीवरून वाकडा उतरलो, गुडघा पिळला आणि मेनिस्कस फाटला. तेव्हा फाटलेला भाग काढून टाकला. मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली गादी. ती काढली की तेवढाच भार कमी जागेवर पडतो आणि त्या जागची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, वर्षानुवर्षं दबत राहते. कमी वयात ज्यांचे गुडघे झिजतात त्यांच्यापैकी अनेकांच्या मागे अशी जुनी दुखापत असते. पंधरा वर्षं मला काही जाणवलं नाही. मग जिना उतरताना आतल्या बाजूला कळ यायला लागली, लांब चाललो की संध्याकाळी गुडघा फुगायचा आणि सकाळी उठल्यावर दहा मिनिटं आखडलेला असायचा.

यात माझं दीड वर्ष वाया गेलं, आणि त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. पहिला एक्स-रे मला झोपवून काढला. त्यात सगळं ठीक दिसलं, 'वयाच्या मानाने उत्तम आहे' असं सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी मला दोन्ही पायांवर उभं करून एक्स-रे काढला, तेव्हा आतल्या बाजूचा गॅप निम्म्याहून कमी झालेला दिसला. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, दिसतं ते दोन हाडांमधलं अंतर, आणि झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर भारच नसतो, मग ते अंतर कमी झालेलं कळणार कसं? तुमचं वय कमी आहे म्हणून कोणी दुखणं उडवून लावत असेल तर एवढं तरी विचारा, की एक्स-रे उभं राहून काढलाय का.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय पहिल्याच भेटीत निघाला आणि तिथेच बाजूला पडला. बदललेला सांधाही झिजतो. ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींवरून २०१७ साली निघालेला आकडा डॉक्टरांनी सांगितला. सत्तरी ओलांडल्यावर गुडघा बदलला तर आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, आणि पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत. मी तर चाळिशीही गाठलेली नाही. नडगीच्या हाडाला काप देऊन पायाची रेघ सरळ करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ऑस्टिओटॉमी, माझ्या वयात करता येते, पण आधी सहा महिने व्यायाम आणि ब्रेस करून बघायचं ठरलं.

आता ब्रेस. गुडघ्यावर चढवायची मऊ लवचिक पट्टी वेगळी आणि अनलोडर वेगळा, यात बरेच जण गल्लत करतात. पट्टीने ऊब मिळते, आधार वाटतो, भार हलत नाही. अनलोडरला मांडीवर एक आणि पोटरीवर एक अशी कडक चौकट असते, बाजूला बिजागरी असते आणि तो तीन ठिकाणी दाब देतो. माझ्यासारखी आतली बाजू झिजली असेल तर गुडघ्याच्या बाहेरून आत ढकलतो, वरून आणि खालून उलट दिशेला धरतो, त्यामुळे आतल्या कप्प्यावरचा थोडा भार बाहेरच्या कप्प्याकडे सरकतो. थोडाच. दोन्ही कप्पे झिजले असतील किंवा दुखणं वाटीच्या मागे असेल तर हा ब्रेस तुमच्यासाठी नाही. म्हणून मोजमाप देऊन, फिजिओसमोर चालून बघूनच घ्या.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. चूक माझी होती. जास्त घट्ट म्हणजे जास्त फायदा असं समजून मी दाब कमी-जास्त करायचा डायल शेवटपर्यंत फिरवला आणि खालचा पट्टा आवळला. दोन तासांत पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या आल्या. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, नडगीशेजारच्या बारक्या हाडाच्या मानेवरून एक नस अगदी त्वचेखालून जाते, तिच्यावर दाब येत होता. फिजिओ मॅडमनी डायल शून्यावर आणला आणि पहिल्या दिवशी एक तास, मग दर दोन दिवसांनी अर्धा तास वाढवायला सांगितलं.

घालायची पद्धत मी आता डोळे मिटून करतो, तरी लिहितो, कारण ब्रेस घसरतो अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच चुकतात. खुर्चीच्या कडेला बसायचं, पाऊल पुढे टेकवायचं, गुडघा अर्धा वाकवायचा. बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या किंचित वर. सगळ्यात आधी पोटरीचा वरचा पट्टा, तोही पोटरीच्या फुगवट्याच्या वर, कारण सगळा ब्रेस त्या फुगवट्यावर टेकून राहतो. मग मांडीचा खालचा, मग उरलेले. उभं राहून दहा पावलं चालायचं आणि परत एकदा ओढायचं. ब्रेसखाली पायावर पातळ कापडी बाही घातली नाही तर घामाने तासाभरात घसरतो आणि कातडी लाल होते. कातडीवरची लाली वीस मिनिटांत गेली तर ठीक, नाही गेली तर पॅड चुकीच्या जागी बसलंय.

फायदा कधी झाला? पाचव्या आठवड्यात. मी वहीत दुखण्याला शून्य ते दहा मार्क देत होतो. जिना उतरताना आधी ७ असायचे, ब्रेस घालून ४ झाले. सपाट रस्त्यावर वीस मिनिटांनी थांबावं लागायचं, ते पन्नास मिनिटांवर गेलं. हे ऐकायला थोडं वाटेल. माझ्यासाठी मुलीला शाळेत चालत सोडायला जाणं परत सुरू झालं, तिचा हात धरून, मध्ये कुठे टेकायला जागा आहे का हे न शोधता.

आणि मग चौथ्या महिन्यात मी घोडचूक केली. दुखणं कमी झालंय म्हणून व्यायाम सोडला. ब्रेस आहे ना, मग काय. सहा आठवड्यांत गुडघ्यात पाणी झालं, वाटीभोवतीच्या खळग्या भरून आल्या आणि पाय पूर्ण सरळ होईना. त्या दिवशी मॅडमनी टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या, वाटीच्या १५ सेंटीमीटर वर. डावी मांडी अडीच सेंटीमीटरने बारीक. सांधा सुजला की मेंदू पुढच्या स्नायूला पूर्ण आकसूच देत नाही, स्नायू वाळत जातो, आणि स्नायू वाळला की प्रत्येक पावलाचा धक्का थेट हाडावर. ब्रेसने मला दिला तो फक्त कमी दुखण्याचा वेळ. तो वेळ व्यायामात घालायचा होता, मी तो नुसता खर्च केला.

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस व्यायाम चुकवलेला नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं, पाय सरळ उचलणं, कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, बुटक्या पायरीवर चढ-उतार. सीट उंच ठेवून सायकल. यात मला सर्वात उपयोगी पडला तो एक नियम: व्यायाम करताना दुखणं पाचपर्यंत गेलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर आदल्या दिवशी जास्त झालं. आधी जरा दुखलं की मी थांबायचो, 'झीज वाढेल' या भीतीने. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, दाबली आणि सोडली गेली की सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, हे समजल्यावर ती भीती बरीच कमी झाली. 'वंगण संपलंय, आता जपून' असं मला चार जणांनी सांगितलं होतं. त्या जपण्यानेच माझी मांडी वाळली.

वजन सहा किलो कमी केलं. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, हे २००५ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. माझ्या अनुभवात ब्रेसइतकाच फरक या सहा किलोंनी पडला.

ग्लुकोसामाइन पाच महिने घेतलं, काही फरक नाही, बंद केलं. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं ते घेऊ नका असंच सांगतात, आणि ब्रेस, काठी, व्यायाम यांची ठाम शिफारस करतात. ब्रिटनची २०२२ ची तत्त्वं ब्रेसबाबत हात राखून आहेत: सरसकट नको, सांध्यावरचा भार वाकडा पडत असेल आणि ब्रेसशिवाय व्यायाम जमत नसेल तरच. मला स्वतःला दुसरं मत जास्त पटतं. सूज असलेल्या दिवसांत डायक्लोफेनॅकचं जेल लावतो, गोळी क्वचित.

काठीबद्दल मात्र मी उशीर केला. अडतिसाव्या वर्षी काठी घेऊन ऑफिसात जायचं मन होत नव्हतं. लोक विचारतात, 'इतक्या लवकर?' आणि उत्तर देऊन देऊन माणूस थकतो. ब्रेस पँटखाली लपतो, म्हणून तो सोपा गेला, हे खरं आहे. पण सूज वाढलेल्या दिवशी काठी उजव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरली की जो आराम मिळतो तो ब्रेसने मिळत नाही. मुलीने तिच्यावर चांदण्यांचे स्टिकर लावलेत, ते मी काढलेले नाहीत.

टिकाऊपणा बरा आहे. चौकट आणि बिजागरी ठणठणीत, सातव्या महिन्यापासून वेल्क्रोची पकड कमी झाली, आतल्या पॅडना वास धरतो, दर दोन दिवसांनी धुवावे लागतात. घट्ट पँट बसत नाही. जमिनीवर बसताना मागची चौकट गुडघ्यामागे टोचते, तेव्हा काढतोच.

सध्या दिवसभर घालत नाही. उतार, लांब चालणं, तासन् तास उभं राहायचं काम असेल तेव्हाच. बाकी वेळ मांडी सांभाळते. गेल्या आठवड्यात टेपने मोजलं, फरक अडीचवरून एक सेंटीमीटरवर आलाय. पट्टे बदलायला द्यायचेत, आणि पुढच्या महिन्यात उभं राहून नवा एक्स-रे.