मणी पक्के, दोरा कच्चा: केवाच्या हीशी माळेचा अनुभव

माझी हीशी माळ, म्हणजे शिंपल्याच्या घासून केलेल्या बारीक मण्यांची माळ, तुटली ती ऑफिसात, भर मीटिंगमध्ये. जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा एकेक मणी. कार्पेटमधून नखाने उकरून काढावे लागले. ३२० डॉलर मोजून घेतलेल्या माळेचा दोरा वर्षभरही टिकू नये, याचा मला भयंकर संताप आला.

ही माळ अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहरात, पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या वाड्याच्या ओसरीवर घेतली होती. तिथे फक्त मूळ अमेरिकन कारागीर बसतात आणि माल त्यांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या हातचाच लागतो. विकणाऱ्या बाई केवा पुएब्लोच्या, म्हणजे सांतो दोमिंगो असंही नाव असलेल्या मूळ अमेरिकनांच्या गावच्या. ‘ऑलिव्ह’ नावाच्या शिंपल्याचे तपकिरी मणी, मध्ये मध्ये पिरोजा.

मण्यांबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. माळ मुठीतून ओढून बघा, मणी सुटे लागतच नाहीत, सापाच्या अंगावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. शिंपल्याचे बारीक चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येकाला भोक पाडायचं, तारेत ओवायचे आणि अख्खी सर फिरत्या दगडावर धरून घासायची; मग सँडपेपर, बारीक, आणखी बारीक. घासताना कितीतरी तुकडे फुटतात, पिरोजाचे जास्तच. किंमत त्याची आहे, आणि ती मला मान्य आहे.

पण दोरा! अल्बुकर्कीतल्या एका दागिन्यांच्या दुकानात नेली, तर नुसते ओवायचे ९० डॉलर, तेही स्टीलच्या तारेत. तारेत ही माळ ताठ होते, गळ्यावर नीट बसत नाही. पुण्यात पटवेकरी पोत गाठवून देताना काय घेतो ते आठवलं आणि मी सरळ बाहेर पडले.

शेवटी परत सांता फे. ओसरीवरच्या जागा रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरतात, त्यामुळे त्याच बाई भेटतील याची खात्री नव्हती. पण भेटल्या. तुटलेलं टोक बोटांवर फिरवून त्यांनी दाखवलं: दोरा एकाच जागी कातरला गेला होता. शिंपल्याच्या भोकाची कड धारदार असते. वापरून दोरा सैल पडला की मणी मागेपुढे सरकतात आणि त्याला कापत राहतात. म्हणजे दोरा हलका नव्हता, तो अधूनमधून बदलायचाच असतो. एवढं पटल्यावर माझा राग बराच उतरला. फक्त हे विकतानाच सांगायला हवं होतं. १५ डॉलरमध्ये, माझ्यासमोर, पुन्हा ओवून दिली.

पिरोजाचं थोडक्यात: ॲरिझोनातल्या स्लीपिंग ब्यूटी खाणीतून २०१२ पासून पिरोजा निघत नाही, म्हणून तो आकाशी निळा फार महाग. माझा किंगमन खाणीतला. मानेजवळचे मणी हिरवट पडू लागलेत, कारण नैसर्गिक पिरोजा घाम आणि तेल शोषतो. केसांना खोबरेल लावलेल्या दिवशी मी ही माळ घालत नाही.

घ्या, पण कारागिराकडूनच घ्या, आणि पैसे देण्याआधी विचारा: दोरा सैल झाला तर पुन्हा ओवून द्याल का, किती घ्याल, कुठे भेटाल.