ताण बदलता येणाऱ्या स्क्रीन फ्रेम: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

लाकडी फ्रेम बाजूला ठेवून ताण कमी-जास्त करता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या रोलर फ्रेमवर आम्ही टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगचे बहुरंगी काम सुरू केले, त्याला आता कोल्हापूरचा एक पूर्ण पावसाळा आणि मंडळांच्या ऑर्डरींचा गणेशोत्सवी हंगाम उलटून गेला आहे.

या फ्रेमच्या बाजू गोल नळ्यांच्या असतात. ज्या जाळीदार कापडातून रंग खाली उतरतो, त्याची कड नळीच्या खाचेत प्लॅस्टिकच्या पट्टीने अडकवायची, पान्याने नळी फिरवून कापड ताणायचे आणि कोपऱ्यातला बोल्ट आवळायचा, एवढीच त्यातली युक्ती. मात्र कोपऱ्यांत कापड थोडे सैल सोडले नाही, तर ते तिथूनच फाटते. ताण न्यूटन प्रति सेंटीमीटरमध्ये मोजतात. ४३टी कापड, म्हणजे इंचाला सुमारे ११० धागे, संध्याकाळी २५ न्यूटनवर आणून ठेवले, तर सकाळी मीटरचा काटा २० च्या आसपास उतरलेला दिसतो. हा फ्रेमचा दोष नव्हे. नवे पॉलिएस्टर असेच सैलावते. छपाई, धुलाई आणि पुन्हा ताण असे काही फेरे झाले की तेच कापड स्थिरावते, आणि गोंदाने चिकटवलेल्या फ्रेममध्ये हे करता येत नाही, म्हणूनच तर जास्तीचे पैसे मोजायचे.

फरक सर्वांत ठळक दिसला तो काळ्या टी-शर्टवरच्या पांढऱ्या रंगात. कापड ताठ असल्यामुळे स्क्रीन आणि टी-शर्ट यांमधले अंतर २ मिमीपर्यंत आणता आले, स्क्विजी, म्हणजे रंग ओढायची रबरी पट्टी, हलक्या हाताने ओढली तरी जाळी मागोमाग स्वच्छ सुटू लागली आणि रंग धाग्यांत न मुरता वर बसू लागला. एका डिझाइनच्या सगळ्या स्क्रीन (प्रत्येक रंगाची एक) सारख्या ताणावर असल्या, तर भगव्याची कड काळ्या रेषेबाहेर डोकावत नाही. एक जरी सैल राहिली, तरी बाकीच्यांचा ताठपणा फुकट जातो. पावसात लाकूड फुगून वाकण्याची कटकटही संपली, अर्थात आषाढातल्या दमट हवेत इमल्शन, म्हणजे डिझाइन उतरवण्यासाठी जाळीवर द्यायचा प्रकाशसंवेदी लेप, वाळायला लागायचा तेवढा वेळ लागतोच.

स्क्रीनवर डिझाइन उतरलेले असताना नळीला हात लावू नये, कारण कापडाबरोबर चित्रही ताणले जाते. ताण द्यायचा तो इमल्शन काढल्यानंतर आणि नवे कोटिंग करण्यापूर्वी. ताण मोजण्याचा मीटर घ्यायचा नसेल, तर ही फ्रेमही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे; बोटाने टिचकी मारून केलेला अंदाज इथे चालत नाही. नळ्यांमुळे छपाईच्या जागेच्या मानाने फ्रेमचा बाहेरचा आकार आणि वजन वाढते, त्यामुळे आपल्या मशीनच्या क्लॅम्पमध्ये आणि एक्स्पोजरच्या, म्हणजे प्रकाश देऊन डिझाइन उतरवायच्या, काचेवर ती बसते का, हे मोजूनच ऑर्डर द्यावी.

एकरंगी पिशव्या आणि किरकोळ ऑर्डरींसाठी आम्ही अजूनही चिकटवलेल्या साध्या ॲल्युमिनियम फ्रेमच वापरतो. पुढची खरेदीही चार-सहा रंगांच्या एका संचापुरतीच असेल, सगळ्या एकाच मापाच्या, आणि सोबत खाचेत बसणाऱ्या जादा पट्ट्या.