घरी ड्राफ्ट बिअर: हातपंप, तयार केगरेटर की चेस्ट फ्रीझर?

अमेरिकेत घरी केग, म्हणजे नळाने ओतायच्या ड्राफ्ट बिअरचे धातूचे पिंप, आणण्याचा विचार करणारे बहुतेक जण आधी उपकरणांच्या किमती पाहतात. माझ्या मते आधी पाहायला हवा तो घरातला खप. तिथला नेहमीचा मोठा केग, म्हणजे हाफ बॅरल, १५.५ गॅलनचा (५८.७ लिटरचा) असतो आणि त्यातून सुमारे १२४ पाइंट (अमेरिकी पाइंट म्हणजे जवळपास अर्धा लिटर) निघतात, सडपातळ सिक्स्थ बॅरल, ज्याला दुकानात सिक्सटेल म्हणतात, त्यात १९.५ लिटर, म्हणजे जवळपास ४१ पाइंट मावतात. घरातली दोन माणसे रोज एकेक पाइंट घेत असतील तर सिक्सटेल तीन आठवड्यांत संपतो, हाफ बॅरलला मात्र दोन महिने लागतात. आणि तिथली ड्राफ्ट बिअर बहुधा पाश्चराइझ केलेली नसल्यामुळे थंड ठेवूनही ती सहा ते आठ आठवड्यांपलीकडे चांगली राहत नाही. शिवाय भरलेला हाफ बॅरल ७० किलोंच्या वर भरतो. ग्लासमागे स्वस्त पडतो म्हणून तो तळघरात उतरवणाऱ्याने परतीचा जिनाही मोजावा.

एका संध्याकाळीच केग संपणार असेल, उदाहरणार्थ चार जुलैच्या बार्बेक्यूला चाळीस माणसे येणार असतील, तर हातपंपासारखी सोय नाही. बर्फाच्या टबात केग, त्यावर पंप, आणि काम संपल्यावर दोन्ही दुकानात परत देऊन अनामत रक्कम घ्यायची. पण हा पंप बिअर ढकलतो ती साध्या हवेने, आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे दुसऱ्या दिवशीच चव शिळी होऊ लागते. उरलेली बिअर आठवडाभर पुरवू म्हणणाऱ्याने हा मार्ग धरू नये.

आठवडे टिकवायचे असेल तर हवेच्या जागी कार्बन डायऑक्साइड हवा, आणि तिथून खरी निवड सुरू होते. तयार केगरेटर म्हणजे वर नळाचा मनोरा असलेला फ्रिज. वायूचा सिलिंडर, त्याचा दाब आवरणारा रेग्युलेटर, नळी आणि केगच्या तोंडावर बसणारा जोड, म्हणजे कपलर, बहुधा सोबतच येतात. केग बसवून कपलरची मूठ खाली दाबली की काम सुरू. अमेरिकी केगना बहुतेक वेळा ‘डी’ प्रकारचा कपलर लागतो, युरोपातून आलेल्या अनेक केगना मात्र ‘एस’ लागतो. आयात बिअर आवडत असेल तर हे आधी विचारून घ्यावे. केगरेटरची नेहमीची तक्रार फेसाची. आतला केग ३ अंश सेल्सिअसवर असतो, पण मनोऱ्यातली नळी खोलीइतकी कोमट होते आणि पहिला ग्लास अर्धा फेसानेच भरतो. मनोऱ्यात थंड हवा ढकलणारा छोटा पंखा बसवला की हा त्रास बराच कमी होतो. दुसरे कारण नळीची लांबी: तीन-सोळांश इंच व्यासाची पाच फुटांची नळी बऱ्याचदा सोबत मिळते, पण १२ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला १२ पौंडांच्या) आसपासच्या दाबाला ती अनेकदा अपुरी पडते आणि दहा फुटांची लावल्यावर ओतणे शांत होते. दाब कमी करून फेस आवरण्याचा मोह टाळावा, कारण त्याने काही दिवसांत बिअरच मिळमिळीत होते.

तिसरा मार्ग स्वतः बिअर बनवणाऱ्यांचा, ज्याला ते कीझर म्हणतात: चेस्ट फ्रीझर, त्याच्या झाकणाखाली लाकडी चौकट आणि त्या चौकटीत नळ. फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडायचे नसते, कारण शीतक वायूच्या नळ्या त्या भिंतीतूनच गेलेल्या असतात. फ्रीझर बिअर गोठवू नये म्हणून त्याची वायर बाहेरच्या तापमान-नियंत्रकात खोचतात आणि नियंत्रकाचा संवेदक केगच्या अंगाला फोमखाली चिकटवतात. मोकळ्या हवेत लोंबता ठेवला तर झाकण उघडताच कॉम्प्रेसर सुरू होतो. यात सोडापेयांच्या धंद्यातून आलेले पाच गॅलनचे कॉर्नी केग चार-पाच सहज बसतात. ते उघडून हाताने आतून घासता येतात, ही त्यांची खरी मोठी सोय. तोटे दोन: आत ओल धरते, आणि २५ किलोंचा भरलेला केग काठावरून उचलून आत सोडावा लागतो. कंबर दुखणाऱ्याने उभा फ्रिजच घ्यावा.

बाहेरून विकत आणलेलीच बिअर प्यायची असेल तर कीझरचा खटाटोप मला अनाठायी वाटतो. अशा घराला केगरेटर आणि सिक्सटेल पुरे. घरी बनवणाऱ्याचे गणित उलटे, कारण एकेका वेळची साधारण पन्नास बाटल्या धुण्याची मेहनत एका केगवर भागते. नळ्यांची सफाई मात्र दोघांनाही चुकत नाही: दर दोन आठवड्यांनी अल्कलीयुक्त सफाईचे द्रावण नळीतून फिरवून भरपूर पाण्याने धुवायचे. तेवढा वेळ निघणार नसेल तर बाटल्याच बऱ्या.

सिलिंडर दोन्हीकडे लागतोच, आणि माझा पहिला सिलिंडर एका रात्रीत रिकामा झाला होता. रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसणारा प्लॅस्टिकचा छोटा वायसर मी लावलाच नव्हता, आणि फ्रिजच्या आवाजात गळतीची बारीक शीळ ऐकूही आली नाही. गळलेला वायू बंद खोलीत साचला तर माणसालाही घातक ठरतो. तेव्हापासून जोडणी झाली की प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावतो, आणि बुडबुडा येत नाही याची खात्री झाल्यावरच फ्रिजचे दार लावतो.