लाइट बिलाचे पैसे चुकून परत आले: वाटून घ्यायचे, बिलात राहू द्यायचे, की कळवायचं?

आमच्या वारज्याच्या फ्लॅटच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘लाइट-गॅस-दूध’. एका जूनमध्ये त्यावर मी स्क्रीनशॉट टाकला: खात्यात ५,४६० रुपये जमा. मे महिन्याचं लाइट बिल बरोबर तेवढंच होतं, कारण तिन्ही खोल्यांत कूलर नि हॉलमध्ये रात्रभर पंखा. मी ॲपवरून भरलं तेव्हा ‘पेंडिंग’ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी वीज कंपनीच्या साइटवर बिल भरल्याचं दिसलं आणि चौथ्या दिवशी सगळी रक्कम माझ्या खात्यात परत. सांगलीकरानं दोन मिनिटांत लिहिलं, ‘आज बिर्याणी.’

वाटून घेतले. प्रत्येकी १,८२०.

ऑगस्टच्या बिलात थकबाकी म्हणून ५,४६० आले, वर विलंब आकार ६८ रुपये. तोवर सांगलीकर बंगळुरूला गेलेला आणि त्याच्या खोलीत सोलापूरहून नवा मुलगा आलेला. तो म्हणाला, ‘दादा, मेमध्ये मी इथं नव्हतोच.’ त्याचं काय चुकलं? मीटर घरमालक काकांच्या नावावर, त्यामुळे थकबाकीचा मेसेजही त्यांच्याच मोबाइलवर. सकाळी सात वाजता त्यांचा फोन, ‘अरे, तुम्ही बिल भरत नाही का?’

पैसे येतात एकाच्या खात्यात आणि वसुली होते मीटरवर. सामाईक बिलाचा सगळा घोळ या एका गोष्टीत आहे, आणि खालची तुलनाही मी त्याच अंगानं केली आहे.

आधी बघा, पैसे नेमके कुठे आहेत

दोन शक्यता. एक, रक्कम ज्यानं बिल भरलं त्याच्या बँक खात्यात परत आली. दोन, रक्कम बिलातच वजा होऊन आली, म्हणजे ‘भरायची रक्कम’ उणे किंवा शून्य. दोन्हींना आपण रिफंडच म्हणतो, पण वागायचं वेगळं.

तिसरा प्रकार चुकीचा नसतोच. वीज कायदा २००३च्या कलम ४७ प्रमाणे कंपनीला सुरक्षा ठेवीवर निदान बँक दरानं व्याज द्यावं लागतं आणि ते बिलात वळतं होतं. बिल अचानक तीन-चारशेनं कमी दिसलं तर आधी ती ओळ शोधा. ठेव मालकानं भरलेली असेल तर व्याजही त्याचंच. आमच्या काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘वापरा रे, चहा प्या.’ पण विचारावं.

खात्यात पैसे परत आले असतील तर आणखी एक गुंता आहे. चूक रिफंडची आहे की पावतीची, हे पहिल्या आठवड्यात कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयनं व्यापाऱ्याला केलेला भरणा समोर पोचला नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे चौथ्या दिवशी आलेला रिफंड अगदी नियमाप्रमाणेही असू शकतो, आणि साइटवरचं ‘भरलं’ हेच चुकीचं असू शकतं. आमच्याकडे तेच झालं होतं. कंपनीला पैसे मिळालेच नव्हते. पावती नुसती दिसत होती, ती नंतर रद्द झाली. आम्ही ज्याची बिर्याणी खाल्ली ते न भरलेलं बिल होतं.

वाटून घेणं

याच्या बाजूनं एकच मुद्दा आहे: भांडण होत नाही. निदान त्या दिवशी. आजच्या आज हिशेब मिटतो, ज्याच्या खात्यात पैसे आले त्याच्यावर संशय राहत नाही. पुढची दोन-तीन बिलं येईपर्यंत तीच माणसं त्याच घरात राहणार असतील, तर पुन्हा गोळा करणं फारसं अवघड जात नाही. खालच्या मजल्यावर एक भाऊ, वरच्यावर दुसरा आणि मीटर एकच, अशा घरांत तर पैसे इकडचे तिकडे होतच असतात. (तिथली अडचण वेगळी. सहा महिन्यांनी ‘तेव्हाचे द्या’ म्हणायचं कुणी, यावरून जावाजावांत अबोला.)

फ्लॅट शेअर करणाऱ्यांनी मात्र हा रस्ता धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसं बदलतात. सांगलीकराकडून १,८२० परत मिळवायला मला अकरा मेसेज करावे लागले. त्यानं दिले, वर ‘सॉरी भावा’ही लिहिलं, पण अकरा मेसेजनंतरची मैत्री नि आधीची मैत्री एक नसते. ६८ रुपयांचा विलंब आकार कुणी द्यायचा यावर चर्चा झालीच नाही, तो मी दिला.

बिलातच राहू देणं

पुढच्या वर्षी दुसरा प्रकार घडला. मीटर बिघडलेला होता, म्हणून तीन महिने सरासरी बिल येत होतं. नवीन मीटर बसल्यावर आम्ही अर्ज दिला आणि बिल दुरुस्त होऊन ३,१२० रुपये वजा झाले. ते आमचेच. पण त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा ३,१२० वजा. एकच दुरुस्ती दोनदा पडली होती.

अशा वेळी पैसे हातात नसतात, त्यामुळे खर्चही होत नाहीत; ही जमेची बाजू. कंपनीच्या लक्षात आलं की ती पुढच्या बिलात ‘समायोजन’ लावून रक्कम वळती करते. कुणाला काही पाठवायची गरज नाही, खातं नंबर द्यायची नाही. काहीच केलं नाही तरी हिशेब आपोआप सरळ होतो, असं वाटतं.

पण शून्य बिलाच्या महिन्यांत घरात कोण होतं आणि समायोजन आलं तेव्हा कोण? दोन महिने फुकट लाइट वापरून एक जण गेला आणि तिसऱ्या महिन्यात आलेल्यानं दुप्पट बिल भरलं, असं सहज होतं. म्हणून या वेळी आम्ही काढलेला तोडगा सांगतो. तो जरा किचकट आहे, पण उपयोगी पडला. बिलावर छापलेली भरायची रक्कम बघायचीच नाही. चालू वाचनातून मागील वाचन वजा करायचं, युनिट काढायचे, आणि वजावट नसती तर जे बिल आलं असतं तेवढे पैसे दर महिन्याला तिघांनी काढायचे. बिलावर आकारांची फोड असते, त्यातली ‘चालू बिल’ची बेरीज घेतली तरी काम होतं. बिल शून्य असलं तरी हे पैसे एका वेगळ्या ठिकाणी. आमच्याकडे ते ठिकाण म्हणजे नगरकराचं न वापरलं जाणारं पोस्टाचं बचत खातं, कारण त्याचं कार्ड त्याच्या आईकडे होतं आणि म्हणून ते पैसे कुणालाच खर्च करता येत नव्हते.

चौथ्या महिन्यात समायोजन आलं. पैसे तयार होते. सोलापूरकरानं विचारलं, ‘एवढंच?’ एवढंच.

कळवून टाकणं

‘परत करा’ म्हणणं सोपं आहे, पण करायचं कुणाला? रिफंड खात्यात आला असेल तर मध्ये चार जण असतात: तुमची बँक, पेमेंट ॲप, बिल भरण्याची मधली यंत्रणा आणि वीज कंपनी. घाईघाईनं कंपनीच्या काउंटरवर जाऊन पुन्हा ५,४६० भरले आणि मग कळलं की पहिला भरणाही खरंच पोचला होता, तर तुमचे पैसे बिलात आगाऊ जमा झाले आणि ॲपचे मात्र तुमच्याकडे राहिलेच. तेव्हा आधी भरू नका, आधी लिहा.

ॲपच्या मदत विभागात त्या व्यवहारावरच तक्रार नोंदवा, म्हणजे व्यवहार क्रमांक आपोआप जोडला जातो. मजकूर दोन ओळींचा: अमुक तारखेला भरलेलं बिल कंपनीकडे भरलेलं दिसतंय आणि रक्कमही मला परत आली आहे, यातलं बरोबर काय ते कळवा. वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाला ग्राहक क्रमांक टाकून तेच लिहा. मालकाच्या नावानं मीटर असेल तर त्यांना त्याच दिवशी सांगा. कार्यालय पुढे त्यांनाच विचारणार. मग पुढचं बिल येईपर्यंत थांबा. बिलावर मागच्या भरण्याची तारीख नि रक्कम छापलेली असते. ती ओळ असेल तर पावती खरी आणि रिफंड चुकीचा. ती नसेल आणि रक्कम थकबाकीत आली असेल, तर पैसे तुमच्याकडे आहेतच, भरून मोकळे व्हा.

यातला तोटा म्हणजे वेळ. शाखा कार्यालयात मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा टेबलावरचे साहेब जेवायला. पण माझ्याकडे शिक्का मारलेली अर्जाची प्रत होती. दुबार दुरुस्तीच्या वेळी विलंब आकार लागला तेव्हा त्या प्रतीवरच तो निघाला. पहिल्या वर्षी तोच कागद नव्हता.

‘चूक त्यांची, आपण का सांगायचं?’

हा प्रश्न ग्रुपवर येतोच. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७२: चुकून मिळालेले पैसे परत केले पाहिजेत. चूक कुणाची, याला महत्त्व नाही. आणि आपले नाहीत हे कळल्यावर बेइमानीनं वापरले तर ते फौजदारीतही जातं. आताच्या भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ३१४ आहे. पाच हजारांसाठी पोलीस दारात येतील असं मी म्हणत नाही. पण ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे वाक्य ग्रुपवर बिर्याणीचा फोटो असताना म्हणता येत नाही.

दुसरा लाडका मुद्दा म्हणजे ‘दोन वर्षं झाली की माफ’. वीज कायद्याच्या कलम ५६(२) मध्ये दोन वर्षांची मर्यादा आहे खरी, पण ती रक्कम पहिल्यांदा देय झाली तेव्हापासून मोजतात, आणि सतत थकबाकी म्हणून दाखवत आले असतील तर तीही लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात सांगितलं की बिलातली चूक उशिरा सापडली तर कंपनी पुरवणी मागणी करू शकते. या कलमाखाली तिला वीज तोडता येत नाही, इतकंच. शिवाय २०२३ मध्ये न्यायालयानं हेही मान्य केलं की नियमांत तरतूद असेल तर जुन्या मालकाची वीज थकबाकी त्या जागेच्या नव्या मालकाकडे मागता येते. काका सकाळी सातला फोन का करतात, ते यावरून कळावं.

फोन आला तर

‘तुमच्या लाइट बिलाचा जास्तीचा रिफंड गेलाय, या नंबरवर परत पाठवा’ असा फोन आला तर कुठलीही तुलना न करता फोन ठेवायचा. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ या मेसेजचा हा भाऊच. जमा झाल्याचा एसएमएस खोटा असू शकतो, म्हणून आधी बँकेच्या ॲपमधली शिल्लक पाहा. रक्कम खरोखर आली असेल तरी कुणाच्या खासगी नंबरवर पाठवू नका, बँकेला कळवा. फसलात तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर, आणि तोही लगेच. तासाभरात कळवलं तर रक्कम मध्येच अडवली जाण्याची आशा जास्त.

मग कुणी काय करावं

रक्कम खात्यात आली असेल आणि घरातलं कुणी तीन महिन्यांत सोडून जाणार असेल, तर वाटणं बाद. ॲपला आणि शाखा कार्यालयाला लिहा, पैसे बाजूला ठेवा. रक्कम बिलात वजा आली असेल आणि माणसं तीच राहणार असतील, तर एक अर्ज देऊन ती बिलातच राहू द्या, पण वर्गणी थांबवू नका. पाइपचा गॅस बहुतेक ठिकाणी दोन महिन्यांनी बिल देतो, तिथे चूक उघडी पडायला आणखी वेळ लागतो. बाकी रीत तीच. इंटरनेटचं कनेक्शन ज्याच्या नावावर असतं तोच बहुधा घेऊन जातो, तेव्हा तो रिफंड त्याच्याशीच मिटवावा.

शेवटी चूक कंपनीनं सोडूनच दिली आणि पैसे आपल्याकडे राहिले असं झालं, तर हिशेब त्या महिन्यात राहणाऱ्यांचा, आज राहणाऱ्यांचा नाही. आम्ही आता खोली सोडणाऱ्याकडून त्याच्या शेवटच्या बिलाच्या वाट्याएवढी रक्कम डिपॉझिटमधून दोन महिने मागे ठेवतो आणि जाताना त्याच्यासमोर मीटरचा फोटो काढतो. मागच्या महिन्यात नगरकर गेला. फोटोत १८,२०६ वाचन आहे आणि काचेत त्याचं अर्धं तोंड.